मुलांच्या पाककृतीत मुलांसाठी काम किती उरते?

प्रति,
मा. संपादक,

विषय : बालविभागातील सोप्या पाककृती आणि घरगुती हस्तकला यांची मांडणी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या बालविभागात दर आठवड्याला एक सोपी पाककृती आणि घरातल्या साहित्यातून करता येईल अशी एक वस्तू प्रसिद्ध होते. वर्तमानपत्राच्या पानावर मुलांसाठी एवढी जागा राखली जाते याचे एक निवृत्त हस्तकला-शिक्षिका म्हणून मला अप्रूप वाटते आणि त्यामुळेच त्या जागेविषयी जरा सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे; त्यातला हवा तेवढा भाग छापावा.

गेल्या काही महिन्यांतल्या कृती ओळीने वाचल्या, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. चिरायचे मोठ्यांनी, शेगडीपाशी उभे राहायचे मोठ्यांनी, साच्यातून अलगद काढायचेही मोठ्यांनीच आणि मुलाने काय करायचे, तर सगळे झाल्यावर वरून रंगीत साखर पेरायची. हस्तकलेतही फारसे वेगळे चित्र नाही. आकार आधीच कापून ठेवलेले असतात, ते ग्लू गनने मोठी माणसे चिकटवतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त डोळे आणि मिशा काढणे येते. छायाचित्रात वस्तू देखणी दिसते, पण ती मुलाने केलेली नसते आणि मुलाला हे बरोबर कळते. एखादी कृती मुलांसाठी आहे की नाही हे तिच्या रंगांवरून, नावातल्या सशावरून किंवा पदार्थाच्या गोडव्यावरून ठरू नये. तिच्यातली किती कामे मुलाचे हात आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करू शकतात, यावरून ठरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा विचार माझा नाही आणि नवाही नाही. शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली आणि जिला पुढे 'किंडरगार्टन' हे नाव मिळाले, तिथे कागदाच्या घड्या घालणे, कागदी पट्ट्या विणणे आणि मातीचे आकार करणे हा फावल्या वेळातला विरंगुळा नव्हता, तर शिक्षणाचाच भाग होता. फिनलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ ऊनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे १८६६मध्ये लोकशाळांत, म्हणजे सर्वसामान्य मुलांच्या प्राथमिक शाळांत, हस्तकाम हा आवश्यक विषय झाला. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६मध्ये शिकागोला सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत स्वयंपाक, शिवण आणि लाकूडकाम यांच्याभोवती इतर विषय गुंफले होते. अंड्यातला पांढरा बलक तापल्यावर का घट्ट होतो, हा तिथे विज्ञानाचाही प्रश्न होता आणि दुपारच्या जेवणाचाही. या सगळ्यांनी मुलांना लहान कामे दिली, पण ती पुरी दिली. मोठ्या कामाचे शेवटचे टोक मुलाच्या हातात देणे आणि एक छोटे काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवणे यांत मोठा फरक आहे आणि बालविभागाची निवड नेमकी या फरकापाशी चुकते, असे मला वाटते.

उदाहरणादाखल लोण्याची कृती घेऊ. सुमारे ३५ टक्के स्निग्धांश असलेले २०० मिलिलिटर क्रीम, घट्ट झाकणाची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बरणी आणि चिमूटभर मीठ, एवढेच साहित्य. बरणी अर्ध्याहून कमी भरलेली असावी, कारण क्रीमला आतल्या आत आपटायला मोकळी जागा लागते. क्रीम फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावे. ते फार गार असेल तर स्निग्ध कण कडक राहतात आणि सहजी एकमेकांना चिकटत नाहीत, फार कोमट झाले तर लोणी तेलकट होते. झाकण पक्के लावून बरणी हलवू लागले की आधी डुचमळल्याचा आवाज येतो. काही मिनिटांनी तो बंद पडतो आणि आत काहीच हलत नाही असे वाटते. बहुतेक मुले इथेच थांबतात, कारण बिघडले अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात हवा मिसळून क्रीम फुगलेले असते आणि काम अर्ध्यावर आलेले असते, हे कृतीत स्पष्ट लिहायला हवे. हलवणे चालू ठेवले, तर अचानक धप्प असा आवाज होतो आणि पातळ ताकात एक पिवळसर गोळा पोहू लागतो. क्रीममधल्या स्निग्ध कणांभोवती एक नाजूक आवरण असते, आपटून आपटून ते फाटते आणि उघडे पडलेले कण एकमेकांना धरतात. तोच हा गोळा. तो गार पाण्यात दाबून, पाणी गढूळ व्हायचे थांबेपर्यंत धुवायचा, कारण आत ताक राहिले तर लोणी लवकर आंबते. एवढ्या क्रीमचे साधारण ८० ग्रॅम लोणी निघते. या कृतीत विस्तव नाही, सुरी नाही आणि चार वर्षांच्या मुलाला करता येणार नाही असे एकही काम नाही. हात दमले की बरणी घरातल्या पुढच्या माणसाकडे जाते, त्यामुळे आजोबांपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळ्यांचा हातभार आपोआप लागतो. कुटुंबाची पाककृती म्हणायचे ते याला.

आता पाककृतीच्या भाषेविषयी. चवीनुसार मीठ, मध्यम आच, खरपूस होईपर्यंत, मावेल तेवढे पाणी : ही भाषा ज्याने तो पदार्थ अनेकदा केला आहे त्याच्या सोयीची आहे. मुलाजवळ आठवणींचा तो साठा नसतो. मीठ किती, हे त्याला सांगावेच लागते. आच किती हे ज्योतीच्या उंचीवरून किंवा अंशांत सांगावे लागते. आणि पदार्थ झाला हे कशावरून ओळखायचे, याची डोळ्यांना दिसणारी किंवा कानाला ऐकू येणारी खूण द्यावी लागते. मापांचा तर आणखीच घोळ आहे. 'एक कप' म्हणजे अमेरिकेत सुमारे २४० मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २५० आणि जपानमध्ये २००. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २०चा. शिवाय एकाच कपात पीठ हलक्या हाताने भरले तर १२० ग्रॅमच्या आसपास आणि दाबून भरले तर १५० ग्रॅमपर्यंत मावते. परदेशी कृती उचलून छापताना यातले काहीच लक्षात घेतले जात नाही आणि घरी केक दगडासारखा झाला की दोष मुलाच्या माथी जातो. यावर उपाय म्हणून सर्व मापे ग्रॅममध्ये द्यावीत. स्वयंपाकघरातल्या लहान डिजिटल काट्यावर रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणणे आणि मग पीठ हळूहळू ओतत नेमके २५० वर थांबणे यात मुलांना जो आनंद होतो, तो रंगीत साखर पेरण्यात होत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

आणि मापे नीट दिली की गणित वेगळे शिकवावे लागत नाही. चौघांची कृती सहा जणांसाठी करायची तर प्रत्येक आकड्याची दीडपट घ्यावी लागते. कृती दुप्पट करायची तर भांडे केवढे लागेल, हा प्रश्न तर फारच गमतीचा आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्याच्या जागी बहुतेक मुले आणि बरीच मोठी माणसेही ४० सेंटिमीटरचे भांडे मागतात. वास्तविक २८ सेंटिमीटरचे पुरते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे वहीत शिकलेले मूल विसरते, पण ४० सेंटिमीटरच्या ताटात पीठ पसरून बघितलेले मूल सहसा विसरत नाही.

पावाची कृती आपण दोनदा छापली आणि दोन्ही वेळा पीठ मळायचे यंत्र लागेल असे म्हटले. मुलांच्या पानावर हे उलटेच झाले, कारण पाव करताना मुलासाठी सर्वांत चांगले काम मळण्याचेच असते. ५०० ग्रॅम गव्हाचे मैद्यासारखे पीठ, ३२० ग्रॅम कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ७ ग्रॅम कोरडे यीस्ट घेऊन पीठ दहा-बारा मिनिटे ओढून, दुमडून, दाबून मळले की आधी हाताला चिकटणारा गोळा गुळगुळीत आणि लवचिक होतो. पिठातली प्रथिने पाण्याशी आणि एकमेकांशी जुळून त्यांचे जाळे तयार होते, त्याला ग्लुटेन म्हणतात; यीस्ट पिठातली साखर खाऊन जो कार्बन डायऑक्साइड वायू सोडते तो या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. जाळे तयार झाले की नाही हे मुलाला स्वतः तपासता येते : गोळ्याचा छोटा तुकडा चारही बाजूंनी हळूहळू ताणावा, न फाटता तो इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसू लागला, म्हणजे मळणे पुरे. त्यातला लिंबाएवढा गोळा सरळ उभ्या पारदर्शक भांड्यात ठेवून त्याच्या उंचीवर रबर बँड लावला, तर पीठ दुप्पट झाले की नाही, यावर वाद उरत नाही. मग साधारण ८० ग्रॅमचे दहा गोळे करून प्रत्येकाने आपल्याला हवा तो आकार द्यावा, ते पुन्हा अर्धा तास फुगू द्यावेत आणि २२० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. या सगळ्यात मोठ्या माणसाचे काम एकच : ओव्हनचे दार उघडणे आणि तापलेला पत्रा आत-बाहेर करणे. भाजण्यापूर्वी आणि नंतर एका पावाचे वजन करायला सांगावे. कमी झालेले वजन कुठे गेले, हा प्रश्न मुलांनीच विचारल्यावर बाष्पाविषयी बोलणे सोपे होते.

दह्याविषयी थोडक्यात सांगते, कारण ती कृती बहुतेक घरांत माहीत असते. तिच्यात मुलासाठी काम उरावे म्हणून तापमापी द्यावा. मोठ्यांनी दूध ८५ अंशांपर्यंत तापवून सुरक्षित जागी ठेवल्यावर ते ४३ अंशांवर केव्हा येते, यावर मुलाने लक्ष ठेवावे, विरजण त्यानेच लावावे आणि किती तासांनी लागले याची नोंद करावी. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आम्लता वाढून सामू (पीएच) ४.६च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन साकळते. पण हे मुलाला वाचून दाखवण्यापेक्षा त्याने एक वाटी फ्रिजमध्ये आणि एक उबेला ठेवून फरक बघितलेला बरा.

मूल स्वतः करते तेव्हा ते खातेही, असे आजी-आजोबा नेहमी सांगतात. त्याला अभ्यासाचाही थोडा आधार आहे. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या ४७ मुलांना घेतले होते. त्यांतल्या एका गटाने पालकांबरोबर जेवण तयार केले, दुसऱ्या गटाला ते तयार मिळाले. स्वतः राबलेल्या मुलांनी सॅलड बरेच जास्त खाल्ले. मात्र त्यांनी एकूण जेवणही जास्त केले, हेही सांगायला हवे. त्यामुळे मुलांसाठी म्हणून फक्त गोड आणि तळलेले पदार्थ छापणे मला पटत नाही. कोशिंबिरीची पाने हाताने तोडणे, वाटाणे सोलणे, उकडलेला बटाटा कुस्करणे, लिंबू पिळणे आणि बरणीत तेल-लिंबाचे मिश्रण हलवून त्यावर ओतणे ही कामे पाच वर्षांच्या मुलाला उत्तम जमतात आणि त्यांत बरणी हलवली की तेल-पाणी एकत्र का येते आणि ठेवली की का वेगळे होते, हा प्रश्नही फुकट मिळतो. केळे तर टेबलावरच्या बोथट सुरीनेही कापता येते. सुरीची भीती घालण्यापेक्षा बोटांची टोके आत वळवून भाजी धरायची पकड लवकर शिकवावी, अशा मताची मी आहे.

हस्तकलेकडे वळते. इथली माझी मुख्य तक्रार साहित्याची आहे. घरच्या घरी असे शीर्षक देऊन खाली सात-आठ विकतच्या वस्तूंची यादी असते, त्यात फोम शीट, चमकी आणि रंगीत गोंद हमखास असतात. चमकी बहुधा प्लास्टिकची असते आणि एकदा घरात सांडली की ती नाल्यात आणि पुढे पाण्यात जाते. युरोपीय संघाने तर ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. गोंदाच्या बाटलीऐवजी खळ शिजवायला शिकवावी. एक भाग गव्हाचे पीठ थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे आणि मग एकूण चार-पाच भाग पाणी होईल असे आणखी पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवावे. साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि पांढरे पाणी पाहता पाहता अर्धपारदर्शक, दाट होते. गार झालेली ही खळ कागदाला छान धरते आणि तोंडात गेली तरी घाबरायचे कारण नसते. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून फुगवलेल्या फुग्यावर तीन-चार थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू द्यावा आणि शेवटी फुगा फोडावा. आपल्याच दैनिकाचा हा दुसरा उपयोग आपल्याला खटकणार नाही, अशी आशा आहे.

मिठाच्या पिठाचेही तसेच. दोन कप पीठ, एक कप मीठ आणि लागेल तसे एक कपापर्यंत पाणी : इथे कप कोणताही चालतो, कारण महत्त्व प्रमाणाला आहे. मळलेल्या गोळ्यातून अक्षरे, पाने, प्राणी करावेत आणि ते १०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास किंवा हवेत काही दिवस वाळवावेत. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवली नाही, तर वरचा भाग आधी सुकून आक्रसतो आणि चिरा पडतात. दुकानात डबीत मिळणारे रंगीत पीठ याच कुळातले आहे. प्ले-डो या नावाने १९५६पासून विकले जाणारे ते पीठ मूळचे भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचे साधन होते. कोळशाच्या शेगड्या कमी झाल्या, पुसायला काजळी उरली नाही आणि बालवाडीच्या एका शिक्षिकेने ते मुलांच्या हाती दिल्यावर त्याचे खेळणे झाले. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मात्र मिठाचे पीठ खायचे नाही, हे ठळक छापावे, कारण त्यात मीठ भयंकर असते. घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडी तर ते मुळीच लागू देऊ नये.

कात्रीविषयी छापताना वय लिहावे. साधारणपणे तीन वर्षांचे मूल कागदाच्या कडेला नुसते कापे देते, चारच्या सुमारास सरळ रेघेवर कापू लागते, वर्तुळ पाचच्या आसपास जमते आणि गुंतागुंतीचे आकार त्यानंतर. आपल्या पानावर मात्र तीन वर्षांपुढील मुलांसाठी म्हणून फुलपाखराची नक्षी येते. डावखुऱ्या मुलांचा विचार तर कोणीच करत नाही. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात आणि कागद कापला न जाता मधे दुमडतो. अशा मुलाला डाव्या हाताची कात्री द्यावी, हे एक वाक्य छापले तरी कित्येक मुलांवरचा वेंधळेपणाचा शिक्का टळेल. साधारण दहातले एक मूल डावखुरे असते.

कमी साहित्यात मोठा आनंद देणाऱ्या गोष्टी तर कितीतरी आहेत. कागदाच्या लांब पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली की मोबियसची पट्टी होते, जिला एकच बाजू असते. ऑगस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग या गणितज्ञांना ती १८५८मध्ये स्वतंत्रपणे सुचली. तिच्या मधोमध कात्री फिरवली तर दोन कडी होतील अशी सगळ्यांची खात्री असते आणि हातात येते ते दुप्पट लांबीचे एकच कडे. लाल कोबी चिरून गरम पाण्यात ठेवला तर जांभळे पाणी मिळते. त्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर लिंबाच्या रसाने गुलाबी आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने निळी-हिरवी चित्रे काढता येतात. रंगाची एकही बाटली उघडावी लागत नाही.

सुरक्षिततेसाठी प्रत्येक कृतीखाली 'पालकांच्या देखरेखीखाली करावे' अशी एक ओळ छापलेली असते. ती कोणीच वाचत नाही आणि वाचली तरी तिच्यातून काही कळत नाही. ज्या पायरीला मोठ्या माणसाचा हात हवा त्याच पायरीपुढे ते लिहावे आणि का, तेही लिहावे : ग्लू गनमधून बाहेर येणारा गोंद १२० ते १९० अंशांपर्यंत तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो, म्हणून, उकळत्या साखरेचा पाक पाण्याहून कितीतरी जास्त तापतो, म्हणून. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे, बर्फ किंवा पेस्ट लावू नये, हे अधूनमधून छापत राहावे. कच्चे पीठ आणि कच्चे अंडे घातलेले मिश्रण चाटू देऊ नये. अंड्याविषयी लोकांना ठाऊक असते, पण कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात हे फारसे कोणाला माहीत नसते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. लहान भावंडे आसपास असतील तर द्राक्षे उभी चिरून द्यावीत आणि अख्खे दाणे, मक्याच्या लाह्या त्यांच्यापासून दूर ठेवाव्यात. बटण-सेल, छोटी चुंबके आणि पाण्यात फुगणारे मणी लागतील अशा वस्तू तर या पानावर येऊच नयेत. ते गिळले गेले तर अन्ननलिकेला किंवा आतड्याला गंभीर इजा होऊ शकते आणि त्यांच्यावाचून अडणारी एकही हस्तकला मला माहीत नाही. बोरॅक्स घालून केलेल्या चिकट स्लाइमच्या बाबतीतही माझे मत हेच आहे. मक्याचे पीठ म्हणजे कॉर्नस्टार्च दोन भाग आणि पाणी एक भाग नुसते कालवले, तरी मुठीत दाबल्यावर घट्ट आणि मूठ उघडल्यावर पातळ होणारा पदार्थ मिळतो, तोच छापावा. फक्त खेळून झाल्यावर तो मोरीत ओतू नये, वाळवून कचऱ्यात टाकावा, कारण पाइपात तो बसतो.

एक विनंती पालकांसाठीही छापावी. मूल झोपल्यावर त्याची वाकडी चिकटवलेली पट्टी सरळ करू नये. संशोधक मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कागदाचे पक्षी आणि बेडूक घडवणाऱ्या नवख्या माणसांनी आपल्या ओबडधोबड वस्तूंची किंमत तज्ज्ञांनी केलेल्या वस्तूंच्या जवळपास लावली, इतरांना मात्र त्या कवडीमोलाच्या वाटल्या. आणि काम अपुरे राहिले किंवा केलेले मोडून टाकले, तर ही आपुलकीही नाहीशी झाली. ते प्रयोग मोठ्या माणसांवरचे होते, तरी वर्गात मुलांच्या बाबतीत मला याहून वेगळे काही दिसले नाही. म्हणून कृती अशी निवडावी, की ती मुलाला एका बैठकीत किंवा दोन दिवसांत पुरी करता येईल आणि ती पुरी झाली, हे ठरवण्याचा मान त्यालाच असावा.

शेवटी छायाचित्राविषयी. स्टुडिओत मोठ्यांनी केलेल्या वस्तूचे चित्र छापण्याऐवजी मुलांनी घरी केलेल्या वस्तूंची चित्रे, वयासकट, छापता येतील का, याचा विचार व्हावा. त्यांच्याच शेजारी एक लहानसा चौकोन फसलेल्या कृतींसाठी राखावा आणि मुलांनी कळवलेल्या अडचणींना तिथे कारणासकट उत्तरे द्यावीत. पाव फुगला नाही तर पाणी जास्त गरम होते का, कारण साठ अंशांच्या पाण्यात यीस्ट मरते. लोणी निघाले नाही तर क्रीमचा स्निग्धांश कमी होता का. मिठाच्या पिठाचा हत्ती दुभंगला तर त्याचे पोट फार जाड होते का. अशा चौकोनासाठी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे लिहून देण्याची माझी तयारी आहे. त्याचे मानधन नको, फक्त मुलांची पत्रे मूळ अक्षरात पाठवावीत.

कळावे.

आपली नम्र,
बालविभागाची एक नियमित वाचक